पेलेनीसे आंटीचं पुस्तक

एलेनोआनं ऑनर्सला नाव घातलं, त्याच रविवारी पाळकांनी प्रार्थनेनंतर ते भर चर्चमध्ये जाहीर करून टाकलं. तेव्हापासून तो अभ्यास तिचा एकटीचा उरला नाही. वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआतल्या सामोअन चर्चमध्ये कुणाचं काही एकट्याचं नसतंच. लग्न असो, मयत असो की परीक्षा असो, खुर्च्या लावायला सगळेच येतात. दुसऱ्या दिवसापासून बायका तिला दुकानात अडवून विचारू लागल्या, "काय गं, आपलं पुस्तक कुठवर आलं?"

'आपलं पुस्तक' हे शब्द पेलेनीसे आंटीचे. आंटी म्हणजे एलेनोआची सख्खी मावशी. आई गेली तेव्हा एलेनोआ शाळेत होती. आंटीनं तिला आपल्या घरी आणलं, स्वतःच्या तीन मुलांच्या गादीवर चौथी जागा केली आणि केलेल्या उपकारांचा पुन्हा कधी उच्चार केला नाही. बहिणीच्या मरणाचाही केला नाही. घरात आईचा फोटो होता, त्याच्यावर शिंपल्यांची माळ होती, पण त्या फोटोबद्दल बोलणं निघालं की आंटीला हटकून स्वयंपाकघरात काही तरी काम आठवायचं.

आंटीनं जन्मभर वेलिंग्टनमधली ऑफिसं झाडली. पहाटे व्हॅननं जायचं, साहेबलोक यायच्या आत टेबलं लख्ख करायची आणि कुणाच्या नजरेस न पडता घरी परतायचं. एखाद्या टेबलावर पुस्तकं दिसली की ती टेबलाआधी पुस्तकं पुसायची. आपल्या घरातलं कुणी तरी असलं एखादं लिहील, असं तिच्या मनानं घेतलं होतं. तिची मुलं एकेक करून गोदामात, बसवर आणि ऑस्ट्रेलियात गेली, तेव्हा ती आशा भाचीच्या गळ्यात येऊन पडली.

भाचीही काही कोवळी पोर नव्हती, चाळिशीला टेकली होती. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालता घालता उमेदीची वर्षं गेली. मग नोकरी सांभाळून तिनं आरोग्यशास्त्राची पदवी घेतली. मार्क इतके चांगले पडले की विद्यापीठानंच ऑनर्सला ये म्हणून सांगितलं. एक वर्ष, एक विषय, स्वतः केलेलं संशोधन आणि त्यावर एक प्रबंध, असा तो मामला होता.

विषयासाठी तिला लांब जावं लागलं नाही. चर्चच्या बाकांवर साखरेचा आजार नसलेली बाई शोधून काढावी लागली असती. या बायका तो आजार कसा सांभाळतात, औषधं घेतात का, चर्चचा त्यांना आधार होतो का, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं आणि लिहायचं, असं ठरलं. मार्गदर्शक बाईंना सगळे नुसतं फियोना म्हणत. एलेनोआच्या जिभेला ते जमेना, म्हणून ती त्यांना डॉक्टर फियोना म्हणायची. त्यांनी पहिल्याच भेटीत तिला बजावलं होतं.

"तू त्यांच्यातलीच आहेस, हा तुझा फायदा आणि हाच तुझा धोका. तुला बरं वाटेल ते लोक सांगतील. ऐकून थांबू नकोस. 'का' म्हणून विचार."

एलेनोआनं मान डोलावली. मान डोलवायला पैसे पडत नाहीत.

मुलाखती चर्चच्या मागच्या हॉलमध्ये झाल्या. कारभार सगळा आंटीच्या हाती. कुणी कधी यायचं, कुणाला कुणाच्या गाडीत बसवायचं, हे तिनंच ठरवलं. पोरीकडे हात हलवत कसं जायचं, म्हणून प्रत्येक बाई काही ना काही रांधून घेऊन आली. कुणी नारळाच्या दुधात भिजवून भाजलेले गोड पाव आणले, कुणी पातेलंभर सापासुईच्या शेवया. अंगावर रविवारचे कपडे, कानामागे फूल. साखरेच्या आजारावर बोलायला आलेल्या बायकांनी टेबल गोडाधोडानं भरून टाकलं, आणि त्यात हसण्यासारखं काही आहे असं एकीलाही वाटलं नाही.

"हे यंत्र चालू झालं का?" थोरल्या वायोलेतीनं रेकॉर्डरवर वाकून विचारलं. ती चर्चच्या गायकवृंदातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई.

"झालं, आंटी."

"मग ऐक. मी रोज चालते. नारळाचं दूध सोडलं. गोळ्या वेळेवर घेते. देवाची कृपा आहे आणि आपल्या चर्चचा आधार आहे." तिनं हात झटकले. "झालं ना? चल, आता दोन घास खा. किती वाळलीस बघ."

दुसरीनंही नारळाचं दूध सोडलं होतं. तिसरीनंही. सगळ्याच रोज चालत होत्या, सगळ्यांनाच चर्चचा आधार होता, आणि सगळ्यांनी ते जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं. काय झालंय ते एलेनोआला कळत नव्हतं असं नाही. येताना गाडीत आंटीनं सगळ्यांची तालीम घेतली होती. पोरीची परीक्षा आहे, काही वेडंवाकडं बोलू नका, आपली उत्तरं चांगली तर तिचे मार्क चांगले. यात कुणाला खोटेपणा वाटला नाही. घरातलं मूल परीक्षेला बसलं की आपण त्याच्यासाठी जे जमेल ते करतो, तसंच त्यांनी केलं.

शेवटी आंटी स्वतः खुर्चीवर येऊन बसली. बाकीच्या बायका जायचं सोडून मागे बसूनच होत्या.

"आंटी, प्रबंधात तुझं नाव येणार नाही. बदलावं लागतं."

"का? मी काय चोरी केलीय?"

"तसा नियम आहे."

"वा रे नियम! आयुष्यभर गोऱ्या साहेबांची टेबलं पुसली, आणि आपल्या स्वतःच्या पुस्तकात माझं नाव नाही?"

"'फार बोलणारी बाई' असं घाल गं," मागून वायोलेती म्हणाली. "सगळ्या पोरिरुआला कळेल कोण ते."

हॉल हसला. अखेर आंटी फुलाच्या नावावर राजी झाली. मोसोई. त्याचा वास लांबून येतो, म्हणाली.

"मोसोईबाई, इन्शुलिनची सुई घेता का?" एलेनोआनं हसत विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ. जेवणाच्या आधी. एकदाही चुकवत नाही."

हे सांगताना आंटी एलेनोआकडे पाहत नव्हती, रेकॉर्डरकडे पाहत होती. रक्त तपासायला नेलं तरी नर्सच्या हातातली सुई दिसताच भिंतीकडे तोंड फिरवणारी ही बाई. एलेनोआनं ते कितीदा तरी पाहिलं होतं. पुढचा प्रश्न जिभेवर आलाही होता. पण मागे बायका बसल्या होत्या, उत्तर छान होतं, आणि तिनं विचारलं ते वेगळंच. चर्चचा आधार होतो का, असं विचारलं. तो अर्थातच होत होता.

मग हिवाळ्यातला एक रविवार आला. चर्च सुटल्यावर सगळे नेहमीसारखे आंटीकडे जेवायला जमले होते. पुरुषमंडळी बाहेर गप्पा मारत होती, मुलं टीव्हीसमोर पसरली होती. स्वयंपाकघरात आंटी आणि एलेनोआ दोघीच.

"एले, फ्रिजच्या खालच्या खणातून अळूची पानं काढ गं जरा."

एलेनोआनं खण ओढला. वर अळूची पानं होती. ती उचलली तशी खाली औषधाच्या दुकानातल्या कागदी पिशव्या दिसल्या. प्रत्येक पिशवीवर आंटीचं नाव, प्रत्येकीचं तोंड पिन मारून बंद केलेलं. एकीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी, पार खणाच्या तळापर्यंत. तिनं एक पिशवी बोटांनी चाचपली. आत इन्शुलिन होतं, जसं दुकानातून आलं तसं.

ती तशीच वाकून राहिली. मग तिनं वरची थोडी पानं घेतली, उरलेली पिशव्यांवर नीट पसरली आणि खण लावून टाकला.

आंटी चुलीपाशी पाठ करून उभी होती. ती वळली आणि एलेनोआकडे बराच वेळ पाहत राहिली.

"मिळाली?"

"मिळाली."

"आणखी काही?"

"नाही, आंटी."

"बरं. ठेव तिकडे."

जेवताना ओव्हनमधून पालुसामी आली, अळूच्या पानांत नारळाचं दाट दूध बांधून शिजवलेली, आणि सगळे तिच्यावर तुटून पडले. एलेनोआनं आणलेली पानं ओट्यावर तशीच पडून राहिली. तिला त्याचंही काही वाटलं नाही, कारण तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

मसुदा देण्याची तारीख तोंडावर आली होती. पुढचे काही दिवस एलेनोआनं स्वतःची समजूत घालण्यात घालवले, आणि शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत फार छान घालता येते. मुलाखत देणाऱ्याच्या घरात डोकावणं संशोधनाच्या नियमात बसत नाही. आपण डॉक्टर नाही. आंटीला मुलाबाळांसमोर खाली बघायला लावायचं नाही. एकेक कारण कसं धुतल्या तांदळासारखं होतं. खरं कारण एवढंच होतं की आंटीचं उत्तर खोटं ठरलं असतं, तर बाकीच्यांच्या उत्तरांकडेही बोट दाखवावं लागलं असतं, आणि मग प्रबंधात पुठ्ठ्याशिवाय काही उरलं नसतं. हे तिला खण लावतानाच कळलं होतं. तिला आंटीपेक्षा प्रबंध मोठा वाटला. दुसऱ्या कुठल्याही शब्दांत सांगितलं तरी गोष्ट तीच होती.

डॉक्टर फियोनांनी मसुदा वाचून चष्मा काढला.

"सगळ्यांची उत्तरं इतकी सारखी कशी?"

"आमच्यात सगळं मिळून करतात," एलेनोआ म्हणाली. "औषधं घेणंसुद्धा."

वाक्य कसं तोंडातून गेलं ते तिलाही कळलं नाही. डॉक्टर फियोनांना मात्र ते इतकं आवडलं की त्यांनी ते निष्कर्षात घालायला लावलं. परीक्षकांनीही नेमकी त्याच वाक्याची वाखाणणी केली. एलेनोआ पहिल्या वर्गात पास झाली.

पदवीदानाला निम्मं चर्च लोटलं. चॉकलेटांचे आणि फुलांचे हार गळ्यात पडत गेले, ते तिच्या नाकापर्यंत आले. आंटीनं त्या दिवसासाठी पांढरे, टोकदार, चकचकीत बूट घेतले होते. वेलिंग्टनच्या रस्त्यावरून पदवीधरांची मिरवणूक निघाली तेव्हा ती भाचीच्या बरोबरीनं फुटपाथवरून शेवटपर्यंत चालली. बस म्हटलं तर बसायला तयार नाही.

"आंटी, बूट चावत असतील."

"मला काही कळत नाही बघ आज. देवानं पंख दिलेत."

तिला खरंच काही कळत नव्हतं. या आजारात पायाची जाणीव जाते, फोड आलेला माणसाला समजत नाही, म्हणून पाय रोज बघावेत, असं एलेनोआच्या प्रबंधात अख्खं एक पान होतं. त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं आंटीचे पाय पाहिले नाहीत. खरं तर त्या रविवारनंतर आंटीच्या घरी ती जेवण्यापुरतीच जायची, आणि फ्रिजकडे पाठ करून बसायची.

आंटीचा पायमोजा ओला दिसला तो वायोलेतीला, काही आठवड्यांनी गाण्याच्या तालमीत. तोवर जखम हाडापाशी गेली होती. आंटीला दवाखान्यात हलवलं. दोन बोटं तरी काढावी लागतील, असं शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एलेनोआ कोकोचा थर्मास घेऊन खाटेशी बसली असताना वॉर्डातला तरुण डॉक्टर आला. चेहऱ्यानं सालस, कामानं दमलेला.

"साखर फार वर आहे, पेलेनीसे. इन्शुलिन घरी नीट घेत होता ना?"

आंटी उशीवर सरळ झाली.

"सकाळ-संध्याकाळ. जेवणाच्या आधी. एकदाही चुकवत नाही."

तेच शब्द, त्याच क्रमानं.

"माझ्यावर विश्वास नसेल तर हिला विचारा," आंटी म्हणाली. "ही माझी मुलगी. विद्यापीठात पहिल्या वर्गात आली. याच आजारावर पुस्तक लिहिलंय हिनं, आणि मी त्यात आहे. मोसोई म्हणजे मीच. सांगू नये म्हणतात, पण तुम्हाला म्हणून सांगते."

डॉक्टरनं एलेनोआकडे आदरानं पाहिलं. "असं आहे का? मग तुम्हाला वेगळं सांगायला नको. एवढं इन्शुलिन घेऊनही साखर अशी, म्हणजे ते पुरत नाही. बरंच वाढवतो. आज संध्याकाळपासूनच सुरू करू."

तो लिहायला लागला. ज्या शरीरात इन्शुलिनचा थेंब गेलेला नाही, त्यात एकदम एवढं गेलं तर काय होतं, हे एलेनोआला पाठ होतं. साखर कोसळते, माणूस बेशुद्ध पडतो, कधी कधी उठतच नाही. आंटी मात्र तिच्याकडे बघून भुवया उंचावत होती. हो म्हण, असं ती सांगत होती. पुस्तक खोटं पडू नये म्हणून ही बाई मरायलासुद्धा निघाली होती, आणि आपण मरायला निघालोय याचा तिला पत्ताही नव्हता.

"थांबा, डॉक्टर," एलेनोआ म्हणाली. "ती इन्शुलिन घेत नाही. कधीच घेतलेलं नाही."

"पण तुमच्या प्रबंधात तर..."

"प्रबंधात खोटं आहे. ते मला लिहितानाच माहीत होतं."

तरुण डॉक्टरनं एकदा दोघींकडे पाहिलं. मग लिहिलेलं खोडलं. "बरं झालं बोललात. थोड्यापासून सुरू करू," एवढंच म्हणून तो पुढच्या खाटेकडे गेला. इतके महिने जे उरावर घेऊन ती हिंडत होती, ते सांगायला एवढासा वेळ लागला. तिला स्वतःची किळस आली.

आंटी पांघरुणाची किनार चाळवत बसली होती. ती रागावेल, पुस्तक बुडवलंस म्हणेल, असं एलेनोआला वाटलं होतं.

"म्हणजे पाहिलं होतंस तू," आंटी म्हणाली.

"काय?"

"खणात. मला वाटलं, तुला दिसलंच नाही."

एलेनोआनं मान वर केली.

"पानं मी कशाला मागितली असतील, एले? पालुसामी तर ओव्हनमध्ये शिजत होती." आंटीच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागत होतं. "गाडीत बायकांना मीच पढवलं होतं. मग त्यांच्यासमोर मीच उलटं कसं बोलणार? त्या यंत्रापुढे तर नाहीच. म्हटलं, घरी सांगू. घरी तोंडातून शब्द फुटेना. म्हणून तुला खणाकडे पाठवलं. म्हटलं, शिकलेली आहे, बघेल आणि विचारेल. तू पानं घेऊन आलीस."

कोकोचा थर्मास एलेनोआच्या हातात तसाच होता. तिनं तो खाली ठेवला. वर्षभराच्या संशोधनात जो एक प्रश्न तिनं टाळला होता, तो आता विचारायला तिला आंटीच्या नजरेला नजरही देता येईना.

"का नाही घेत, आंटी?"

आंटीनं पांघरुणाची किनार सोडली. मग हळूहळू बोलू लागली.

"तुझ्या आईला सुई मीच द्यायचे. नर्सनं मला शिकवलं होतं. तू शाळेत गेलीस की द्यायचे, तू बघू नयेस म्हणून. सुई सुरू झाली आणि वर्ष सरायच्या आत तिचा पाय गेला. मग डोळे गेले. मग तीच गेली." तिनं आपले दोन्ही हात पांघरुणावर उताणे ठेवले. "या हातांनी, पोरी. तुला जेवायला वाढायचे तेव्हा रोज मनात यायचं, हिच्या आईला मी मारलं आणि ही मला आंटी, आंटी म्हणतेय. तीच सुई मी स्वतःला कशी टोचू? औषधं आणत राहिले, कारण दुकानातली पोर इतक्या मायेनं पिशवी भरून द्यायची. तिला नाही कसं म्हणायचं?"

"आंटी, नाही गं!" एलेनोआ रडायलाच लागली. "सुईनं नाही गेली ती. सुई फार उशिरा सुरू झाली, एवढंच. तोवर आजारानं तिला आतून खाल्लं होतं. उशिरा सुई मिळालेले पुष्कळ लोक असे जातात आणि दोष सुईला येतो. तू दिलीस म्हणून ती तेवढं तरी जगली."

आंटीनं मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते एलेनोआला वाचता येईना.

"खात्रीनं सांगतेस?"

"खात्रीनं."

"डॉक्टरांना विचारलं तर ते पण हेच सांगतील?"

"कुणालाही विचार."

आंटीनं उताणे हात उचलून तोंडासमोर धरले आणि ते पहिल्यांदाच बघितल्यासारखी बघत बसली. जेवणाची गाडी वॉर्डात आली. तिच्या पुढे नर्स आली, सुई घेऊन.

"हे तुला कधी कळलं, एले?" आंटीनं विचारलं.

"कॉलेजच्या पहिल्या वर्षी. वर्गात शिकवलं होतं."

"पहिल्या वर्षी," आंटी म्हणाली.

नर्सनं पांघरूण सारलं, पोटावरची जागा पुसली. एलेनोआला वाटलं, आता आंटी भिंतीकडे तोंड फिरवणार.

"मग मला का नाही गं सांगितलंस?"

सुई आत गेली आणि बाहेर आली. आंटीनं तोंड फिरवलं नाही. ती एलेनोआकडेच बघत होती, आणि उत्तराची वाट बघत होती.